सर्व्हिस डॉग ट्रेन करणाऱ्या संस्थांना खुलं पत्र: टेकायला नको, वाकायला कुत्रा हवाय

सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग किंवा आजारी माणसाला मदत करायला शिकवलेले कुत्रे, तयार करणाऱ्या सगळ्या संस्थांना, त्यांच्या ट्रेनर मंडळींना आणि खास करून अर्ज तपासायला बसणाऱ्यांना,

नमस्कार.

तुमच्या फॉर्मबद्दल बोलायचंय. अंधत्व, बहिरेपण, व्हीलचेअर, फिट्स, डायबेटिस, ऑटिझम, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), सगळ्यांना चौकोन आहेत आणि ते असायलाच हवेत, पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, लिहायचा कुठे? 'इतर' मध्ये. आणि 'इतर' मध्ये लिहिलेलं कोण किती वाचतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मला एका ठिकाणाहून (नाव नाही घेत, त्यांचं बाकी काम चांगलं आहे) उत्तर आलं होतं की तुम्ही स्वतः चालता-फिरता, काठीसुद्धा वापरत नाही, मग कुत्र्याने नेमकं करायचं काय? प्रश्न रास्तच आहे, मला राग प्रश्नाचा नाही आला, उत्तर ऐकायच्या आधीच फाइल बंद केली त्याचा आला. म्हणून ते उत्तर आता सगळ्यांसमोर देतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बघून काही कळत नाही. हाड आतल्या आत सारखं झिजत आणि नव्याने भरत असतं, जुनं काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं घालणाऱ्या वेगळ्या, आणि वय वाढलं, पाळी गेली किंवा दम्या-संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतली की काढणं जास्त आणि भरणं कमी असा हिशोब सुरू होतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये केली. पन्नाशी ओलांडलेल्या तीन बायकांमागे एकीचं आणि पाच पुरुषांमागे एकाचं हाड पुढच्या आयुष्यात यामुळे मोडतं, म्हणजे आम्ही काही मूठभर लोक नाही. मोडतं ते बहुतेक मनगट, खुबा नाहीतर मणका. खुबा आणि मनगट पडल्यावर मोडतात, पण मणक्याला पडायची गरजच नसते. माझा गेला तो खालचा ड्रॉवर ओढताना. अडकला होता, मी कमरेतून वाकून जरा हिसका दिला, बास. घरातले सगळे म्हणाले चमक भरली असेल, शेक घे, आणि पुढे एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की मणका पुढच्या बाजूने चेपलाय. असे बरेचसे मणके तर कधी कुणाला कळतही नाहीत, उंची थोडी कमी होते, पाठीला पोक येतं आणि माणसं म्हणतात वय झालं.

तर मुद्दा वाकण्याचा आहे, आणि तुम्ही लोक नेमका हाच मुद्दा सोडता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला १९८४ चा एक अभ्यास आहे, सिनाकी आणि मिकेलसन यांचा, पाळी गेलेल्या आणि मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांवर केलेला. ज्यांना पाठ मागे ताणायचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या १६ टक्के बायकांचे मणके नंतर नव्याने चेपले, आणि ज्यांना पुढे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या ८९ टक्के. व्यायामच न करणाऱ्या होत्या ६७ टक्के, म्हणजे वाकून व्यायाम करण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं! अभ्यास लहान आहे, जुना आहे, सगळं मान्य, पण तेव्हापासून फिजिओथेरपिस्ट आम्हाला पहिलं वाक्य हेच सांगतात की पुढे वाकू नका, आणि वाकून पिळ तर अजिबात देऊ नका.

आता सांगणं सोपं आहे हो. तुम्ही एक दिवस नुसतं बघा की माणूस किती वेळा वाकतो. चष्मा पडला, चार्जर सुटला, मोज्याची जोडी, पलंगाखाली गेलेली चप्पल, दाराखालून सरकवलेलं पाकीट, वॉशिंग मशीनमधून कपडे काढणं, खालच्या कप्प्यातलं भांडं. पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकायला शिकवतात आम्हाला, मी शिकलेही, पण गुडघेही त्याच वयाचे असतात ना, आणि हातातून काही निसटलं की शरीर विचार न करता सवयीने कमरेतूनच वाकतं. चिमटे मिळतात लांब दांड्याचे, वस्तू उचलायचे, तेही आहेत घरात, एक या खोलीत एक त्या खोलीत, आणि लागतो तेव्हा नेमका दुसऱ्या खोलीत असतो. ब्रूनो मात्र मी जिथे आहे तिथेच असतो.

ब्रूनो म्हणजे माझा लॅब्रॅडोर. तुमच्या कुठल्या प्रोग्रॅममधला नाही, घरचाच, एका ट्रेनरच्या मदतीने शिकवलेला. त्याचं मुख्य काम एकच, जमिनीवरचं वर आणणं. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे जी आम्हाला फार उशिरा उमगली, आणि तीच तुम्हाला सांगायचीय. त्या ट्रेनरचा अनुभव व्हीलचेअरवाल्यांचा होता, तिथे कुत्रा वस्तू आणून मांडीवर ठेवतो. मी उभी असते, मला मांडीच नाही! त्यामुळे सुरुवातीला ब्रूनो चष्मा इमानेइतबारे आणायचा आणि माझ्या पायाशी ठेवून शेपूट हलवायचा, म्हणजे परत वाकणं आलंच. मग त्याला शिकवलं की तोंडात धरूनच माझ्या उजव्या बाजूला बसायचं, मान वर करायची, आणि माझी बोटं वस्तूला लागून मी 'दे' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मोठं काही असेल, टॉवेल वगैरे, तर ते सरळ खुर्चीवर नेऊन टाकायचं. कागद, पातळ कार्ड, नाणं या गोष्टी त्याला अजूनही नीट उचलता येत नाहीत, तो जिभेने सरकवत भिंतीपर्यंत नेतो आणि मग कडेला धरतो, बघायला मजा येते पण पाकिटाचा लगदा होतो. आणि गोळ्या. सुटी गोळी पडली तर कुत्र्याने तिला तोंड लावायचं नाही, हे 'उचल' शिकवायच्याही आधी शिकवा, कारण आमच्या घरांत औषधं भरपूर आणि पडतातही भरपूर.

हे सगळं ऐकल्यावर लोक विचारतात ते वेगळंच असतं. मग तुम्ही त्याच्यावर टेकून उठता का? सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र असतं, मोठा थोरला कुत्रा उभा आणि त्याच्या पाठीवर हात दाबून उठणारी म्हातारी. तुमच्यापैकीही काहींच्या डोक्यात तेच असावं, कारण मला नाकारताना दिलेलं एक कारण असंही होतं की तेवढ्या वजनाचे कुत्रे सध्या नाहीत. मी मागितलाच कुठे होता? कुत्र्याची पाठ वरून वजन झेलायला बनलेली नाही हे तुम्हीच आम्हाला सांगायला हवं. ज्यांना तोल सांभाळायला खरंच कुत्रा लागतो त्यांच्यासाठी कडक हँडलचा हार्नेस असतो, कुत्रा पूर्ण वाढलेला असावा लागतो, त्याचे खुबे आणि कोपरं एक्स-रे काढून तपासलेले असावे लागतात, हँडल हात सरळ खाली सोडल्यावर जिथे येतो तिथे यावं लागतं नाहीतर माणूस एका बाजूला झुकूनच चालतो, आणि एवढं करूनही त्यावर अंग टाकायचं नसतं, नुसता आधाराचा स्पर्श. ठिसूळ हाडं असलेल्या माणसाने कुत्र्यावर भार टाकला आणि कुत्रा मांजर बघून एक पाऊल सरकला तर काय होईल ते सांगायला डॉक्टर नको. उठायला आम्हाला भिंतीतला दांडा पुरतो, तो हलत नाही आणि त्याला मांजर दिसत नाही.

म्हणजेच आम्हाला राक्षसी कुत्रा नकोय. मध्यम उंचीचा, मऊ तोंडाचा, उचलून आणायची आवड असलेला, शांत कुत्रा पुरे. अंधांच्या कामासाठी घेतलेले कित्येक कुत्रे शेवटी त्या कामात बसत नाहीत, कुणाला ट्रॅफिकमध्ये जबाबदारी घ्यायला जमत नाही, कुणी उंचीला कमी पडतो, आणि त्यांना दुसरं काम नाहीतर घर शोधलं जातं. त्यांच्यात आमचे कुत्रे असतील, जरा बघा.

आता दुसरी बाजू, कारण मी नाही सांगितली तर एखादा ऑर्थोपेडिक सर्जन सांगेल आणि तो रागात सांगेल. कुत्र्यांमुळे माणसं पडतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००९ मध्ये आकडे दिले होते, पाळीव कुत्र्या-मांजरांमुळे पडून दुखापत होण्याचे तिथे वर्षाला ८६ हजारांहून जास्त प्रसंग, आणि त्यात बहुतांश कुत्र्यांमुळे, कुणी पट्ट्याने ओढलं म्हणून तर कुणी पायात आलं म्हणून. पुढे २०१९ मध्ये जामा सर्जरी या वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांचा पेपर आला, ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांची कुत्रा फिरवताना मोडलेली हाडं मोजलेला. २००४ मध्ये अंदाजे १,६७१, २०१७ मध्ये ४,३९६. त्यात जवळजवळ ७९ टक्के बायका, आणि सगळ्यात जास्त मोडलेलं एकच हाड कुठलं तर खुबा. खुबा मोडणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा, माझी आत्या त्यातून उठली पण पुन्हा एकटी जिना उतरली नाही. तेव्हा ओढणारा कुत्रा आमच्या हातात देणं म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणायची पाळी.

म्हणून माझं म्हणणं आहे की आमच्यासाठी कुत्रा निवडताना काय येतं यापेक्षा काय करत नाही ते आधी तपासा. बेल वाजली की दाराकडे धावत नाही ना, पाहुणा आला की उडी मारत नाही ना (लाडात आलेल्या तीस किलोच्या कुत्र्याने छातीवर पाय टाकले तर बरगडी जाऊ शकते, आणि बरगडीला प्लास्टर नसतं), चालताना पुढून आडवा जात नाही ना, जिन्यावर मी खाली पोचेपर्यंत वर थांबतो ना. रात्री बाथरूमला जायच्या वाटेत झोपत नाही ना, हे तर मी फॉर्मच्या पहिल्या पानावर टाकेन, अंधारात काळा लॅब्रॅडोर दिसत नाही हे मी अनुभवाने सांगते, सुदैवाने भिंत जवळ होती. आता त्याची झोपायची जागा ठरलेली आहे आणि पट्ट्याला छोटा लाइट आहे. आणि पट्टा मनगटात गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही, हातात असा धरायचा की वेळ आली तर सुटेल, हे तुम्ही माणसालाही शिकवा. कुत्रा पळाला तर सापडेल.

पडल्यानंतरचं कामही शिकवायचंय, कारण कितीही जपलं तरी पडणं कधीतरी येणार. एकटं राहणारं माणूस पडलं आणि तासन् तास जमिनीवर राहिलं तर मोडलेल्या हाडापेक्षा ते पडून राहणंच जास्त महागात पडतं, अंग गार पडतं, पाणी कमी होतं, दाबाने कातडी आणि स्नायू खराब होतात. इथे कुत्र्याने करायचं ते अगदी साधं: फोन आणून द्यायचा, भिंतीवर खाली लावलेलं मोठं बटण नाकाने दाबायचं, घरात कुणी असेल तर जाऊन त्याला बोलवायचं, आणि परत येऊन शेजारी बसायचं. काय नाही करायचं तर ओढायचं नाही. बाही धरून मालकाला उठवणारा कुत्रा व्हिडिओत फार शूर दिसतो पण खुबा मोडला असेल तर तसं ओढणं म्हणजे वाट लागली.

फिरायला नेण्याबद्दल दोन शब्द, कारण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. कुत्र्यामुळे चालणं होतं, खरंय. एकदा हाड मोडलं की माणूस पडायच्या भीतीने बसून राहतो, बसल्याने पायातली ताकद जाते, ताकद गेली की पडायची शक्यता आणखी वाढते, हे चक्र ब्रूनोने माझ्यापुरतं तोडलं. पण नुसत्या चालण्याने हाडांची घनता फार काही वाढत नाही, त्याला वजनांचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम लागतात आणि औषधं लागतात. कृपा करून कुठल्याही पेशंटला कुत्रा देताना आता गोळ्या कमी होतील असं सुचवू नका. डेनोसुमॅब या हाडांच्या औषधाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं, ते लांबवलं की मणके पटापट जाऊ शकतात, आणि ते कुत्र्याच्या लक्षात राहणार नाही, कॅलेंडरच्याच राहील. हां, एका औषधात मात्र त्याची मदत होते. हाडांसाठीच असलेली ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, काही खायचं नसतं, आणि त्या अर्ध्या तासात ब्रूनो मला पलंगाकडे फिरकूच देत नाही, दाराशी पट्टा घेऊन उभा. गोळी, पाणी, फेरफटका, झालं.

आता तुम्ही ज्याच्याबद्दल एक ओळही कुठे लिहिलेली नाही ते. कुत्रा माझं वाकणं वाचवतो, पण कुत्र्यासाठी मला किती वाकावं लागतं? खाण्याचं भांडं जमिनीवर, पाण्याचं जमिनीवर, शी उचलायची जमिनीवरून, हार्नेस घालायला त्याच्या पोटाखालून हात, पाऊस पडला की चार पाय पुसा, आंघोळ, आणि खाण्याची १५ किलोची गोणी. पहिल्या महिन्यात मला वाटलं आगीतून फुफाट्यात पडले. मग एकेक जमवत गेलो. भांडी उंच स्टँडवर, आणि खाऊन झाल्यावर तो स्वतःच स्टीलचं भांडं उचलून माझ्या हातात देतो. हार्नेससाठी आणि पाय पुसायला तो एका घट्ट, न हलणाऱ्या चौथऱ्यावर चढून उभा राहतो, मी सरळ उभी राहून बकल लावते. शी उचलायला लांब दांड्याचं सुपडं. गाडीत चढायला रॅम्प, कारण कुत्र्याला उचलायचं नाही, कधीच नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलं तरी तिथल्या माणसांनीच उचलायचं हे मी आधी सांगून ठेवते. गोणी बाहेरच फोडून छोट्या डब्यांत येते. यातलं काहीही अवघड नाही, पण ते मला एकटीला चाचपडत शोधावं लागलं, आणि चाचपडताना एखादा मणका गेला असता तर? चौथऱ्यावर चढणं आणि भांडं हातात देणं तुमच्याकडच्या कुत्र्यांना चार-आठ दिवसांत येईल. ते आमच्या कुत्र्यांच्या अभ्यासक्रमात पहिल्यापासून टाका ना.

आणि अभ्यासक्रम ठरवताना आमच्या फिजिओला विचारा. तुम्हाला कुत्रा कळतो, त्यांना आमची पाठ कळते, दोघं एका खोलीत अर्धा तास बसलात तर निम्मे प्रश्न तिथेच संपतील. वस्तू कुठल्या उंचीवर द्यायची, कोणत्या बाजूने चालायचं, कुठल्या हाताचं मनगट आधीच मोडलेलं आहे, हे माणसागणिक बदलतं.

मला माहितेय तुमच्याकडे रांगा लांब आहेत. एक कुत्रा तयार व्हायला दोन वर्षं जातात, पैसा लागतो, आणि पूर्णपणे व्हीलचेअरवर असलेल्या माणसाच्या आधी मला कुत्रा द्या असं मी म्हणत नाहीये. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे कुत्रा आधीच आहे, चांगल्या स्वभावाचा, घरात रुळलेला. त्याला तपासा, आणि लायक असेल तर आम्हाला ट्रेनरचे तास द्या. अमेरिकेच्या कायद्यात तर मालकाने स्वतः शिकवलेला कुत्राही सर्व्हिस डॉग धरतात, अट एवढीच की अपंगत्व असावं आणि कुत्र्याला त्याच्याशी संबंधित काम शिकवलेलं असावं, आणि तिथल्या असिस्टन्स डॉग पार्टनर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान मापही घालून दिलंय: सहा महिन्यांत १२० तास, त्यातले निदान ३० तास बाहेर, लोकांत. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण हे माप कुणालाही वापरता येईल. बाहेर नेण्याचा हक्क नाही मिळाला तरी चालेल एक वेळ, माझं नव्वद टक्के वाकणं घरातच होतं.

'हा आजार आमच्या यादीत नाही' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की यादी आधीही वाढलेली आहे. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला, ती युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. हात-पाय नीट न चालणाऱ्या माणसांसाठी कुत्रा शिकवायचं बॉनी बर्गिन यांनी कॅलिफोर्नियात मनावर घेतलं ते १९७५ मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ साठ वर्षं. आम्हाला एवढं थांबायला लावू नका, तेवढी हाडं नाहीत आमच्याकडे.

तर फॉर्ममध्ये एक चौकोन टाका, ऑस्टिओपोरोसिस आणि ठिसूळ हाडांचे इतर आजार, असं लिहून. त्याच्याखाली 'काठी किंवा व्हीलचेअर वापरता का' याच्याऐवजी तीन प्रश्न विचारा: आत्तापर्यंत कुठली हाडं मोडली, डॉक्टरांनी काय करायला मनाई केलीय, आणि घरात दिवसभर कोण असतं. उत्तरं वाचून ज्यांना नाही म्हणायचं त्यांना खुशाल नाही म्हणा. नवा फॉर्म काढण्याआधी कुणावर तरी ट्राय करून बघायचा असेल तर मी तयार आहे, आमच्या व्यायामाच्या क्लासमधल्या आणखी काही जणी तयार आहेत, आणि ब्रूनोला चौथऱ्यावर चढून हार्नेस घालून घेताना बघायचं असेल तर कुणाही ट्रेनरने घरी यावं. फक्त आधी फोन करा, बेल वाजवल्यावर मला दारापर्यंत यायला वेळ लागतो.

आपली,
मणका चेपलेली एक अर्जदार